आंबा, काजू, बिब्बा : चीक बाधला हे ओळखायचं कसं, टाळायचं कसं आणि उठलंच तर काय करायचं

एप्रिल-मे आला की घराघरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेले फोटो यायला लागतात, कुणाच्या ओठांभोवती पुरळ, कुणाच्या हनुवटीवर लाल चट्टे, कुणाच्या बोटांची सालं निघालेली, आणि खाली ठरलेली उत्तरं, उष्णता झाली, सब्जा पी, आंबे कमी खा, पित्त उठलं असेल. उष्णता वगैरे काही नसतं बहुतेक वेळा, तो चीक असतो. आंब्याचा, काजूचा, आणि विदर्भ-मराठवाड्याकडे असाल तर बिब्ब्याचा. ही तिन्ही झाडं एकाच कुळातली आहेत आणि तिघांच्या चिकात एकमेकांशी नातं सांगणारी तेलकट रसायनं आहेत, त्यामुळे एकाने ज्याला धरलं त्याला बाकीचे दोघेही धरू शकतात.

शिंका, डोळे चुरचुरणं, नाक गळणं ही परागकणांची अॅलर्जी, ती वेगळी गोष्ट आहे आणि त्यावर इथे लिहीत नाही. इथे फक्त कातडीवर उठणाऱ्या चिकाच्या अॅलर्जीबद्दल.

आधी हे समजून घ्या की हे उशिरा उठतं

सगळा घोळ इथेच होतो. चीक लागला की लगेच काही दिसत नाही. ज्याला आधीपासून अॅलर्जी आहे त्याला साधारण एक ते तीन दिवसांनी खाज आणि लाली सुरू होते, म्हणजे शनिवारी बागेत आंबे काढले, रविवारी लग्नात जेवलात आणि सोमवारी ओठ सुजले की दोष जातो लग्नातल्या पनीरवर. म्हणून अंगावर काही उठलं तर काल काय खाल्लं हे नंतर विचारा, आधी परवा-तेरवा हाताने काय काय धरलं होतं ते आठवा. कैऱ्या चिरल्या का, ओले काजू सोलले का, आंब्याच्या फांद्या तोडल्या का, दारावरचं लिंबू-मिरची, ज्यात बिब्बा ओवलेला असतो, ते बदललं का.

आणि आयुष्यात पहिल्यांदाच अंग बिथरत असेल तर त्याला आणखी वेळ लागतो, आठ-दहा दिवस किंवा दोन आठवडेसुद्धा. शरीरातल्या पांढऱ्या पेशी आधी तो चीक ओळखायला शिकतात आणि पुढच्या वेळी मग लवकर, एक-दोन दिवसांतच, अंगावर येतात. त्यामुळे 'मी लहानपणापासून आंबा चोखतोय, मला काही होत नाही' याला फारसा अर्थ नाही, चाळिशीतही सुरू होऊ शकतं, आणि एकदा सुरू झालं की सहसा जात नाही.

दिसतं कसं

खाज हे पहिलं लक्षण, आणि खाज म्हणजे साधी नाही, रात्री झोप उडवणारी. मग लाल चट्टे, बारीक पाणीदार पुळ्या, जास्त असेल तर मोठे फोड, ते फुटून चिघळणं, मग खपली. जागा बघा, जागा बरंच सांगून जाते. आंबा चोखणाऱ्याला ओठांच्या कडेला, तोंडाच्या कोपऱ्यांत आणि हनुवटीवर जिथून रस ओघळतो तिथे. कैऱ्या चिरणाऱ्या बाईला बोटांच्या बाजूला आणि बोटांच्या बेचक्यांत, तळहातावर मात्र कमी, कारण तिथली कातडी जाड असते. झाडावर चढणाऱ्याला हाताच्या आतल्या बाजूला आणि मांड्यांना, आणि तिथे अगदी रेघा उठलेल्या दिसतात, फांदी घासली तशी रेघ किंवा चीक ओघळला तसा ओघळ. ही रेघ दिसली की जवळपास नक्की समजा.

पापण्या सुजलेल्या असतील तर लोक घाबरतात, डोळ्यात काही गेलं का म्हणून. बहुतेक वेळा तसं नसतं, चिकाच्या बोटांनी डोळे चोळलेले असतात. पापणीची कातडी पातळ, त्यामुळे चीक लागला हाताला आणि सुजला डोळा असा उलटा प्रकार होतो. पुरुषांच्या बाबतीत आणखी एक नाजूक जागा आहे, बागेत काम करता करता हात न धुता लघवीला जाणं, पुढचं सांगायला नको. डॉक्टरकडे गेलात की लाजू नका, हे त्यांनी आधी पाहिलेलं असतं.

पुरळ टप्प्याटप्प्याने येतं, आज चेहरा, उद्या हात, परवा पाय, आणि सगळ्यांना वाटतं की हे पसरतंय, फोडातलं पाणी लागून पसरतंय. फोडातल्या पाण्याने हे पसरत नाही, दुसऱ्याला लागतही नाही. पातळ कातडीवर लवकर उठतं आणि जाड कातडीवर उशिरा, म्हणून तसं वाटतं. खरंच नवीन नवीन जागी येतच राहिलं तर चीक अजून कुठेतरी शिल्लक आहे असं समजा. नखांत, घड्याळाच्या पट्ट्यावर, कोयत्याच्या मुठीवर, त्या दिवशी घातलेल्या आणि न धुता पुन्हा घातलेल्या शर्टावर. हा चीक तेलकट असतो, तो वाळतो पण संपत नाही, धुतला नाही तर महिनोन्महिने वस्तूंवर तसाच राहू शकतो.

सारखं दिसणारं दुसरंही काही असतं. खाजकुयली लागली तर मिनिटाभरात आग आणि खाज सुरू होते, त्यासाठी दोन दिवस जावे लागत नाहीत. एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड आणि आत ठणका असेल तर नागीण असू शकते, तिथे चिकाचे उपाय करत बसू नका. उन्हात उभं राहून लिंबू पिळले आणि मग हातावर काळपट डाग किंवा फोड आले तर तो लिंबाचा रस आणि ऊन यांचा प्रकार.

भाजणं वेगळं, बाधणं वेगळं

चीक दोन प्रकारे त्रास देतो. आंब्याचा देठ मोडल्याबरोबर जी पिचकारी उडते ती इतकी जहाल असते की अॅलर्जी असो नसो, कातडी भाजते, आणि तसाच डाग आंब्याच्या सालीवरही पडतो, त्या डागामुळे बागायतदाराचा भाव पडतो ते वेगळंच. काजूच्या टरफलातलं तेल आणि बिब्ब्याचं तेल तर त्याहून वाईट. भाजलेली जागा लवकर दिसते, जिथे लागलं तिथेच असते, कडा स्पष्ट, काळसर, आग जास्त खाज कमी. अॅलर्जीचं पुरळ उशिरा येतं, लागलेल्या जागेच्या बाहेर जातं आणि खाजतं. एकाच माणसाला दोन्ही होऊ शकतं, आधी भाजतं, चार दिवसांनी भोवती पुरळ उठतं, मग लोक म्हणतात जखम चिघळली.

आता एकेक झाड

आंब्याचं सोपं आहे. त्रास देणारं जे आहे ते चिकात, सालीत, देठात, पानांत असतं, आतल्या गरात जवळजवळ नसतं. म्हणून आंबा बंद करायची गरज सहसा पडत नाही, आंब्याची साल बंद करायची. जुनी माणसं आंबे पाण्यात टाकून ठेवायची आणि चोखायच्या आधी देठाकडचा पहिला थेंब पिळून टाकायची, ते फार शहाणपणाचं होतं, फक्त कारण उष्णतेचं सांगायची. रायवळ आंबा दाताने साल सोलून खाणं हे मात्र अॅलर्जीवाल्याने सोडून द्यावं, दुसऱ्या कुणीतरी साल काढून फोडी करून दिल्या तर खुशाल खा.

कैऱ्या घरी आणल्या की अशा करा. बादलीत किंवा परातीत पाणी घ्या, कैरी देठ खाली करून धरा, तोंड लांब, आणि देठ पाण्याच्या आत मोडा म्हणजे पिचकारी पाण्यात जाईल. मग कैऱ्या देठाची बाजू खाली करून जाळीवर किंवा गवतावर तास-दोन तास ठेवा, चीक गळून जातो. मग पुन्हा धुवून, पुसून, लोणच्याला चिरायला घ्या. ते पाणी झाडांना घाला पण त्यात हात घालून बसू नका, वर तेलकट तवंग असतो तोच तर चीक. बागेत काढणीला झेला वापरा, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला याच कामाचा, ब्लेडने देठ कापला जातो, आंबा देठासकट जाळीत येतो, देठ जागेवर राहिला की चीक उडत नाही. झाडाखाली उभं राहून वर तोंड करून बघत बसू नका एवढंच, थेंब बरोबर डोळ्यात येतो.

काजू. इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त हात काजूने जातात. काजूबीच्या टरफलात मधे मधाच्या पोळ्यासारखी पोकळ जागा असते आणि त्यात ते तपकिरी तेल भरलेलं असतं, टरफलाच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा तेलच. हेच तेल कारखान्यात गोळा करून रंगात, वॉर्निशात, गाडीच्या ब्रेक लायनिंगमध्ये वापरतात, म्हणजे विचार करा काय चीज आहे. फेब्रुवारी-मार्चपासून ओल्या काजूगरांचा सिझन सुरू होतो, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोवा सगळीकडे बायका हिरव्या बिया विळीवर मधोमध चिरून काडीने गर उचकटून काढतात आणि शेकड्यावर विकतात. उसळ खाणाऱ्याला त्या शेकड्याचा भाव जास्त वाटतो, पण सोलणाऱ्या बाईची बोटं बघा, टोकांची कातडी पांढरी पडून पापुद्रे सुटलेले, सिझन संपेपर्यंत बोटांच्या रेषा दिसत नाहीत.

घरी थोडे सोलायचे असतील तर आधी हाताला खोबरेल चोपडा आणि वर चुलीची चाळलेली राख लावा, हा कोकणातला जुना उपाय आहे आणि बऱ्यापैकी चालतो, कारण तेल मधे येतं आणि राख चीक शोषते, पण तो लावला म्हणून काही होणार नाही असं नाही. अॅलर्जी असेल तर हातमोजेच. पण डॉक्टरी पातळ लॅटेक्सचे मोजे इथे उपयोगाचे नाहीत, तेलकट चीक त्यातून झिरपतो, उलट आत घाम आणि चीक कोंडून जास्त उठतं. जाड व्हायनिलचे किंवा नायट्राइलचे घ्या, नायट्राइलचे अधूनमधून बदला, आत सुती मोजा घातला तर घाम कमी. काढताना उलटे करून काढा, बाहेरच्या बाजूला हात लावू नका. सोललेल्या गरांवरची साल काढायला ते कोमट पाण्यात टाकतात, ते पाणीही चिकाळ असतं, पहिलं पाणी ओतून द्या.

सुक्या बिया अंगणात भाजणं हा तर मे महिन्यातला कार्यक्रमच असतो, भोकं पाडलेला पत्र्याचा डबा किंवा जुनी घमेली, खाली जाळ, आणि बियांना आग लागली की तडतड उडणारे तेलाचे थेंब. पोरांना चार हात लांब आणि धूर जातो त्याच्या उलट बाजूला उभं करा. धूर अंगावर घेऊ नका, तो डोळ्यांना, घशाला, छातीला लागतो, दम्याचा माणूस असेल तर त्याला घरात पाठवा. भाजल्यावर राखेत किंवा मातीत घोळून मगच फोडायला घ्या, म्हणजे वरचं तेल टिपलं जातं. आणि फोडायला दात वापरणारे महाभाग असतात प्रत्येक घरात, त्यांना आवरा.

बाजारात कच्चे म्हणून मिळणारे पांढरे काजू खरं तर कच्चे नसतात, बिया वाफवून किंवा भाजून, टरफल काढून, साल काढून आलेले असतात, त्यामुळे त्यात ते तेल सहसा नसतं. गडबड होते ती टरफलाचे तुकडे राहिले तर. १९८२ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात मोझांबिकहून आलेले काजू खाऊन पन्नासहून जास्त लोकांना अंगभर पुरळ उठलं होतं, पाकिटात टरफलाचे तुकडे होते. पोटात गेलं की हे पुरळ काखेत, जांघेत, मांड्यांत आणि ढुंगणाभोवती उठतं, ही खूण लक्षात ठेवा.

आता बिब्बा. याच्याबद्दल मी जरा कडकच बोलणार आहे कारण आपल्याकडे तो औषध म्हणून घरात असतो. टाचेच्या भेगेत, काटा मोडला तिथे, गुडघा दुखतो तिथे चटका, बाळंतिणीला, नजर लागू नये म्हणून काळा ठिपका, दिव्यावर तापवून दुधात थेंब पाडून खोकल्याला, आणि दारावरच्या लिंबू-मिरचीत तर असतोच. बिब्ब्याचं तेल इतकं जहाल आहे की लागलं त्या जागी फोड येऊन काळा डाग पडतो, तो महिने जात नाही. धोबी लोक पूर्वी याच तेलाने कपड्यांवर खुणा करायचे, धुऊनही न जाणारी शाई, आणि दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या परदेशी सैनिकांना मानेवर, कमरेवर, जिथे ती खूण कातडीला लागायची बरोबर तिथेच पुरळ उठायचं, तेव्हा डॉक्टरांनी ते शोधून काढलं. म्हणजे धुतलेल्या कपड्यावरची वाळलेली खूणसुद्धा पुरते.

आयुर्वेदात भल्लातक म्हणून तो औषध आहे हे खरं, पण तो विटेच्या भुकटीत घोळून तेल शोषून घेऊन, शुद्ध करून वापरतात आणि आपल्या औषध कायद्याच्या नियमांत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत त्याचं नाव आहे. घरी बिब्बा तापवून लावणं किंवा पिणं म्हणजे ते औषध नव्हे. लहान बाळाच्या पोटावर तर अजिबात लावू नका. बिब्बा पोटात गेल्यावर किंवा अंगाला बराच लागल्यावर लघवी कमी झाली किंवा गडद रंगाची झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, किडनीला त्रास होऊ शकतो. गोडंबीचे लाडू मात्र वेगळे, गोडंबी म्हणजे आतला गर, तो नीट साफ केलेला असेल तर खातातच, पण फोडणाऱ्या बायांच्या हातांची अवस्था काजूवाल्यांपेक्षाही वाईट असते, आणि ज्याला काजू किंवा आंब्याचा त्रास आहे त्याने पहिल्यांदा खाताना जपून. शनिवारी जुनं लिंबू-मिरची काढताना कागदात धरून काढा, वाळलेल्या बिब्ब्यातही तेल असतं.

ट्रेकवाल्यांसाठी एक. सह्याद्रीच्या दाट सदाहरित रानात रानबिब्बा म्हणून उंच झाड असतं, त्याच्या खोडावर काळे ओघळ दिसतात, चीक हवा लागली की काळा पडतो. अशा काळ्या ओघळाच्या झाडाला टेकू नका, त्याची काठी तोडू नका, त्याचं लाकूड शेकोटीत टाकू नका. आणि अमेरिकेत राहणाऱ्यांनो, तिकडे पॉयझन आयव्हीने ज्यांना एकदा झोडपलंय त्यांनी सुट्टीत घरी आल्यावर आंबा चोखायच्या आधी विचार करा, तो वेल याच कुळातला आहे.

चीक लागला, आता पहिली दहा मिनिटं

खरं काम इथेच आहे, पुढची सगळी क्रीमं मिळून इतकं करत नाहीत. चीक कातडीत काही मिनिटांतच मुरायला लागतो, दहा-पंधरा मिनिटांत धुतलं तर बराचसा जातो, अर्ध्या तासानंतर फारच थोडा. म्हणून काम संपल्यावर धुऊ असं नको, लागला की उठायचं. आधी कागदाने किंवा चिंधीने टिपून घ्या, चोळू नका, ती चिंधी फेकून द्या. मग वाहत्या पाण्याखाली भरपूर साबण, भांड्याचा लिक्विड साबण असेल तर उत्तम, तेलकटपणा तोच काढतो. धुवा, खळखळून टाका, पुन्हा धुवा, दोन-तीन वेळा. काथ्याने किंवा दगडाने घासू नका, कातडी सोलली की चीक आणखी आत जातो. नखं कापा आणि नखांखाली ब्रशने साफ करा, हे कुणी करत नाही आणि मग डोळे सुजतात.

खोबरेल लावायचं की नाही यावर घरात भांडणं होतात. तेलात चीक विरघळतो, म्हणून तेल लावून लगेच कपड्याने पुसून मग साबणाने धुतलं तर फायदा आहे, पण तेल लावून तसंच बसलं तर चीक आणखी पसरतो. रॉकेल, पेट्रोल, चुना, टूथपेस्ट, हळद-मीठ यातलं काही लावू नका. डोळ्यात उडाला तर डोळा उघडा धरून पंधरा-वीस मिनिटं स्वच्छ पाणी सोडत राहा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. कपडे वेगळे, गरम पाण्यात पावडर टाकून. कोयता, विळी, मोबाईल, चष्मा, बाईकची मूठ हे सगळं साबणाने किंवा स्पिरिटने पुसून घ्या. कुत्रं बागेत हिंडत असेल तर त्यालाही आंघोळ, त्याला सहसा काही होत नाही पण केसांवरचा चीक तुम्हाला लागतो.

उठलंच तर

थंड पाण्यात सुती फडका भिजवून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, दिवसातून तीन-चार वेळा, एवढ्यानेही खाज निम्म्यावर येते. कॅलामाइन लोशन बरं. फोड फोडू नका, फुटले तर स्वच्छ धुवून कोरडं ठेवा. नखं बारीक ठेवा, लहान पोरांना रात्री हातात सुती मोजे घाला. गरम पाण्याची आंघोळ नको, त्या वेळी बरं वाटतं आणि नंतर दुप्पट खाजतं.

सेटिरिझिनसारख्या गोळ्यांनी हे पुरळ थांबत नाही, कारण ही अॅलर्जी त्या प्रकारची नाही, झोप लागायला त्यातल्या गुंगीच्या गोळ्यांचा उपयोग होतो तेवढाच. खरं काम करतात ती स्टेरॉइडची क्रीमं, पण कुठलं, किती दिवस आणि कुठे हे डॉक्टरने ठरवायचं. हातावर जे क्लोबेटासोल चालतं ते चेहऱ्यावर आणि जांघेत चालत नाही, कातडी पातळ होते, चट्टे पडतात. आणि मेडिकलवाला काउंटरवरून ज्या ट्यूब काढून देतो ना, स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध सगळं एकत्र, त्या लावू नका. चार दिवस बरं वाटतं आणि मग नवं दुखणं मागे लागतं. खाज मारणाऱ्या बधिर करणाऱ्या मलमांचीही स्वतःची अॅलर्जी येऊ शकते.

चेहरा सुजला, डोळे मिटले, गुप्तांगावर उठलं किंवा अंगाचा बराच भाग धरला तर पोटातून स्टेरॉइड द्यावं लागतं, आणि ते साधारण दोन-तीन आठवडे, हळूहळू कमी करत. चार-पाच दिवसांचा कोर्स घेऊन बंद केला की पुरळ दुप्पट जोराने परत येतं, आणि लोक म्हणतात औषध लागू पडलं नाही. डायबेटीस, बीपी, पोटाचा अल्सर असेल तर आधीच सांगा. पिवळी खपली, पू, वाढता ठणका, ताप हे जंतुसंसर्गाचं, तेव्हा अँटिबायोटिक लागेल. काहीच औषध केलं नाही तरी हे दोन-तीन आठवड्यांत बसतं, मागे काळपट डाग राहतात, आपल्या कातडीवर ते काही महिने दिसतात. उन्हापासून जपा, सनस्क्रीन लावा, डागांवर घरगुती लिंबू चोळू नका, वर सांगितलंय लिंबू आणि ऊन काय करतं ते.

एक गोष्ट मात्र अजिबात मिसळू नका. काजू किंवा आंबा खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा तास-दोन तासांत अंगावर गांधी उठल्या, जीभ-घसा सुजला, आवाज बसला, श्वास लागला, उलट्या झाल्या, चक्कर आली तर ती चिकाची अॅलर्जी नाही, ती खाण्याची अॅलर्जी आहे, जिवावर बेतू शकते. तिथे कॅलामाइन आणि थंड फडका करत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा किंवा सरळ जवळचं हॉस्पिटल, अॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. काजूचं असेल तर पिस्त्यालाही तसंच होण्याची शक्यता बरीच असते, आणि मिठाईत, ग्रेव्हीत काजूची पेस्ट लपलेली असते हे विसरू नका.

नक्की कशाने होतं हे कळत नसेल तर त्वचेच्या डॉक्टरकडे पॅच टेस्ट होते, पाठीवर ठरावीक द्रव्याच्या छोट्या पट्ट्या लावून दोन दिवसांनी काढतात आणि मग वाचतात. पुरळ पूर्ण बसल्यावर करतात, अंगभर उठलेलं असताना नाही. घरच्या घरी मनगटावर चीक लावून बघणारे असतात, कृपा करून नको, एका थेंबानेसुद्धा अॅलर्जी नसलेल्याला ती सुरू होऊ शकते. मुळापासून अॅलर्जी घालवतो म्हणणाऱ्या काढ्यांवर आणि इंजेक्शनांवर पैसे घालवू नका, या चिकावर तसा खात्रीचा उपाय नाही.

ज्यांना आहे त्यांनी घरातली कामं वाटून घ्यावीत. रस काढायला, कैऱ्या चिरायला, काजू सोलायला बसायचं नाही, पानं मांडायची, वाढायचं, आणि साली गोळा करून टाकायचं काम जर अंगावर आलंच तर ताटातल्या साली हाताने न उचलता सरळ डब्यात झाडायच्या, ताटं घासायला घेताना जाड मोजे घालायचे.